सोबत मोठं माणूस हवं

शनिवार, १६ मे

ही वही मला सिनेमांच्या यादीसाठी मिळाली आहे. जाड पुठ्ठ्याची, लाल कडेची, सरकारी. पुढून यादी लिहायची, असं सोनल मॅडमनी सांगितलं. मागून काय लिहायचं ते कुणी सांगितलं नाही, तेव्हा मागून माझं.

झालं असं, की इथं जयपूरच्या छावणीत सुट्टीत दर शनिवारी पोरांना सिनेमा दाखवतात. गेल्या शनिवारी कुणीतरी काही न बघता भुताचा लावला. निम्म्या पोरांनी गाद्या भिजवल्या आणि आयांनी फोन करकरून सोनल मॅडमचं डोकं उठवलं. या मेजरसाहेबांच्या मिसेस, कुटुंबांचं सगळं त्याच बघतात. आज त्यांनी मीटिंगमध्ये विचारलं, "अब से फिल्म पहले कौन देखेगा?" सगळ्या बायका मान खाली घालून बसल्या. मी नेमकी पंख्याकडे बघत होते. "सुनेत्राजी, आप तो बी.ए. हैं."

कराडला मराठी घेऊन बी.ए. केलं तेव्हा बाबांना वाटलं होतं, पोरगी मास्तरीण होईल. झाले सेन्सॉर.

घरात सध्या आम्ही तिघंच. अपूर्वा तेरा वर्षांची, पृथ्वीराज आठ. हे वर आहेत. वर म्हणजे बर्फात; फौजेतल्या बायका याहून जास्त कुठं बोलत नाहीत. पण वहीत खोटं कशाला लिहू. हे आता वर नाहीत. डाव्या पायाची दोन बोटं, करंगळी आणि तिच्या शेजारचं, बर्फानं काळी पडली होती. मंगळवारी ऑपरेशन करून काढली. चंदीगडकडच्या मिलिटरी हॉस्पिटलात आहेत, जेवण बरं आहे म्हणतात. पोरांना यातलं काही माहीत नाही. पप्पा ट्रेनिंगला गेलेत, तिथं व्हिडिओ लावायला बंदी आहे, असं मी सांगितलंय. महिन्याभरात सुट्टीवर येतील. त्याआधी पोरांना सांगायचं की नाही, ते आमचं ठरलेलं नाही. हे म्हणाले, बघू. मी म्हटलं, बघूच. हे काय ऐकायचं वय आहे का त्यांचं.

मंगळवार, १९ मे

मला वाटलं होतं, सिनेमावर लिहिलेलं असतंच की, U का A. तेवढं वाचायचं, झालं काम. कसलं काय. आपल्याकडंच आता ही भली मोठी शिडी आहे. U म्हणजे सगळ्यांना. मग UA, त्याच्या तीन इयत्ता: सात वर्षांवर, तेरावर, सोळावर. मग A, फक्त मोठ्यांना. शिवाय एक S, तो डॉक्टरबिक्टर अशा खास लोकांसाठी. छावणीत S ला बसतील असे डॉक्टर आहेत, पण ते शनिवारी झोपतात.

यादीतले निम्मे सिनेमे बाहेरचे, आणि त्यांच्यावर तिकडचे शिक्के. म्हणून एकेका देशाचं बघायला बसले आणि दुपारची भांडी तशीच राहिली. यादीतला तो पळालेल्या उंटाचा सिनेमा घ्या. एका देशात सगळ्यांना, दुसऱ्यात सहा वर्षांवर, तिसऱ्यात बारावर. उंट तोच.

स्वीडनमध्ये पंधराच्या पुढं शिक्काच नाही. पंधरा झाली की पोरगं मोकळं. सिंगापुरात उलट, एक शिक्का थेट एकवीसचा. माझं लग्न झालं तेव्हा मी वीस वर्षांची होते. म्हणजे तिथल्या हिशेबानं मी नवऱ्याच्या लायक झाले होते, सिनेमाच्या नाही. अमेरिकेत हे काम सरकार करतच नाही, सिनेमावालेच आपापसात करतात. तिथं बंदूक चालते, शिवी आली की धावाधाव. युरोपात उघड्या अंगाचं कुणाला फारसं काही नाही, मारामारी आली की वय वाढवतात. आणि आपल्याकडं हिरोनं सिगरेट पेटवली की कोपऱ्यात सूचना. ज्याला ज्याची भीती.

सगळ्यात मला नेदरलँड्सवाले आवडले. ते सरळ चित्रं काढतात. भीतीला कोळी, मारामारीला मूठ, शिव्यांना तोंड. एका चित्रात नुसती पावलं होती, दोघांची. मी वहीत लिहिलं, "चालणं-पळणं बरंच." अपूर्वा मागून बघत होती. "आई, ते वेगळं आहे," म्हणाली आणि लाल झाली. मग मलाही कळलं आणि खोडून टाकलं.

जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर सगळ्या देशांचा चार्ट केला आणि फ्रिजशेजारी चिकटवला. पृथ्वीला आपण आता साडेतीन देशांत मोठे आणि बाकीच्यांत लहान, याचं फार कौतुक वाटतंय.

शुक्रवार, २२ मे

पाच वाजता ह्यांचा फोन. मी नेहमीसारखी खाली टाकीपाशी गेले. आमचं क्वार्टर दुसऱ्या मजल्यावर, मागच्या अंगाला पाण्याची मोठी टाकी आहे आणि कडुलिंब. घरात बोलायची सोय नाही. माझा आवाज जरा मोठा आहे, आमच्या घराण्यात सगळ्यांचाच. माहेरी पलीकडच्या बांधावर हाक मारून चहाला बोलवायची पद्धत. म्हणून पोरांच्या कानांपासून लांब.

जखम सुकतेय. कुबडी लागते अजून. मी विचारलं, "न्हेमी लागणार का?" तर नाही म्हणाले, सहा महिन्यांत बूट घालून चालीन. मी म्हटलं, "आणि पळायचं?" दर सुट्टीत हे आणि अपूर्वा पहाटे ग्राउंडला जातात, तिला शाळेतून पंधराशे मीटरला निवडलंय. म्हणाले, "तिला कुणीतरी दुसरा सोबती बघू." मला त्यांचा हा आवाज माहीत आहे. मी विषय बदलून उंटाचा सिनेमा सांगितला.

वर आले तर दारात तळमजल्यावरच्या विमलभाभी उभ्या, हातात केर-सांगरीच्या भाजीचा डबा. या इथल्याच, जयपूरजवळच्या चाकसूच्या, मनानं भारी. चार दिवसांत हा तिसरा डबा. "भाभीजी, आप अकेली नहीं हो," म्हणाल्या आणि माझा हात दाबला. सिनेमाचं काम अंगावर पडलं म्हणून एवढं कौतुक, मला अगदी भरून आलं.

शनिवार, २३ मे

पहिला खेळ. उंट. मी आधी पूर्ण बघितला होता, चार्टवर पडताळला होता. रक्त नाही, शिवी नाही, चुंबन नाही, सिगरेट नाही. आपल्याकडं U, बहुतेक देशांत सगळ्यांना.

पाऊण तास पोरं खदाखदा हसत होती. मग उंटवाल्या पोराचा बाप गावाला निघतो. रेल्वे स्टेशन. बाप डब्याच्या दारात उभा राहून हात हलवतो, गाडी हलते, पोरगं प्लॅटफॉर्मवर पळतं. दहा सेकंदांचा प्रसंग. तर हॉलमध्ये आधी एक रडलं, मग तीन, मग सगळी रांग. दोन आयाही रुमाल काढून बसल्या. दिवे लावावे लागले.

बाहेरच्या पोरांना त्यात रडण्यासारखं काय, एक माणूस गाडीनं गेला. आमच्या पोरांनी तो प्रसंग खऱ्यात बघितलाय, दर वर्षी एकदा तरी. जगातल्या एकाही देशाच्या चार्टमध्ये याला खाना नाही. मी घरी येऊन एक नवीन ओळ आखली: "स्टेशनवर टाटा." शिक्का काय द्यायचा ते ठरेना, रिकामी ठेवली.

आमची दोघं मात्र रडली नाहीत. अपूर्वा पृथ्वीचा हात धरून बसली होती. सोशिक आहेत माझी पोरं.

मंगळवार, २६ मे

आज ब्रिटनचं नीट वाचलं. त्यांच्याकडं एक 12A आहे. बारा वर्षांखालच्या पोराला थिएटरात सोडतात, पण सोबत मोठं माणूस बसलेलं हवं. नुसतं दारापर्यंत नाही, शेजारी. जर्मनीतही बाराचा सिनेमा सहा वर्षांच्याला बघता येतो, आई नाहीतर बाप बरोबर असला तर. स्वीडनमध्ये तसंच. मला हे फार पटलं. पोर घाबरलं तर कुणाच्या तरी दंडाला धरेल, विचारायचं ते विचारेल. सोनल मॅडमना सांगितलं, तर म्हणाल्या १३ जूनला सगळ्या पालकांसमोर हा चार्ट मांडा. मी हो म्हणून बसले.

ह्यांनी पायाचा फोटो पाठवलाय. पट्टी काढल्यावरचा. अजून उघडला नाही, डाउनलोडचा गोल तसाच ठेवलाय. नेटचा पॅक जपून वापरायचाय, सिनेमे बघायचे असतात.

अपूर्वाचं एक नवीन. संध्याकाळी पाचला बाथरूममध्ये जाते ती चाळीस मिनिटं बाहेर येत नाही. मी फोन आटपून वर येते तरी आतच. वयच तसं, म्हणून मी बोलत नाही. विमलभाभींनी आज एक निळं प्लॅस्टिकचं स्टूल आणून दिलं. "बाथरूम में रख लो भाभीजी, काम आएगा. नहाते समय बैठने को." यांना कसं कळलं पोरगी तिथं तासभर बसते, कोण जाणे. ठेवलं. अपूर्वाला उपयोगी पडलं असावं, आज तर पन्नास मिनिटं.

शनिवार, ३० मे

दुसरा खेळ, समुद्री चाच्यांचा विनोदी. कार्टून. आपल्याकडं UA, सात वर्षांवर, स्वीडनचाही सातच. लहान पोरांच्या आयांना मी शेजारी बसवलं होतं, ब्रिटनसारखं. सगळं सुरेख चाललं होतं. लाकडी पायाचा चाचा जहाजाच्या शिडीवरून धडाधड पडतो, पुन्हा चढतो, पुन्हा पडतो. पोरं लोळत होती हसून. आणि आमचा पृथ्वी उठून बाहेर गेला.

मी हॉलच्या दुसऱ्या टोकाला प्रोजेक्टरपाशी होते. जाऊन बघते तर पायरीवर बसलेला. "काय झालं रे?" "काही नाही. हसण्यासारखं नाही ते." मी कपाळाला हात लावून बघितला, ताप नव्हता. समुद्राची भीती वाटत असेल, कधी बघितलेला नाही त्यानं. चार्टवर समुद्राची नोंद घ्यायला हवी.

सोमवार, १ जून

पृथ्वीनं सकाळपासून उच्छाद मांडलाय. जिन्यावर लंगडी घालत चढतो, लंगडी घालत उतरतो. धप धप धप. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी विचारलं, काय तोडफोड चाललीये. मी ओरडले, तर म्हणाला, "मोजतोय." वर एक प्रश्न, "आई, एका पायाचा माणूस दुसऱ्या मजल्यावर राहू शकतो का?"

चाच्याचा सिनेमा डोक्यात बसलाय, दुसरं काय. मी म्हटलं, "चाचे जहाजावर राहतात, त्यांना जिना नसतो." त्याचं समाधान झालेलं दिसलं नाही. वहीत पुढं नोंद केली: लाकडी पाय, आठ वर्षांखाली नको. मग आठवलं, हा आठचाच आहे. दहा केलं.

अपूर्वानं मात्र आज न सांगता चपलांचा कप्पा आवरला. ह्यांचे पळायचे बूट धुऊन, वाळवून, कागदात गुंडाळून माळ्यावर टाकले. मी म्हटलं, "अगं, पप्पा चौदा तारखेला येताहेत, लागतील की." ती म्हणाली, "तेव्हा काढू. समोर नको." ही आठवड्यापासून ग्राउंडलाही जात नाही. ऊन आहे म्हणा, सकाळी सहालाच चटके बसतात.

गुरुवार, ४ जून

ह्यांच्याशी भांडण झालं, टाकीपाशीच. त्यांचं म्हणणं, आता सांगून टाक. "मी दारात काठी घेऊन उभा राहणार, तेव्हा काय सांगणार आहेस, ट्रेनिंगमध्ये काठी दिली?" मी म्हटलं, आधी तुम्हीच म्हणाला होता बघू. म्हणाले, "तेव्हा मी घाबरलेलो. आता दोन बोटं नाहीत याची सवय व्हायला लागलीये मला. तुला फोटो पाठवला, बघितलास का?"

मी म्हटलं, पॅक संपलाय.

"सुनेत्रा, दहा दिवस पॅक संपलाय?"

"पृथ्वी लहान आहे," मी म्हटलं. "अपूर्वाची शर्यत आहे. त्यांनी बोटं गेलेली कशाला डोळ्यांसमोर आणायची. सगळ्या जगात पोरांना किती जपतात, मी वाचतेय ना रोज." माझा आवाज चढला असावा, कारण कडुलिंबावरचे पोपट उडाले. हे म्हणाले, ठीक आहे, तुझ्या मनानं कर, पण चौदाच्या आत.

मंगळवार, ९ जून

आज सांगणार होते. जेवताना. पण पृथ्वीनं वरण सांडलं आणि राहिलं.

विमलभाभी गाडीची वेळ विचारून गेल्या. कुठल्या, म्हटलं, तर गडबडल्या. "अरे, ऐसे ही."

शनिवार, १३ जून

लिहायला बसलेय तर कुठून सुरुवात करू कळत नाही. सकाळपासूनच करते.

हॉल भरला होता. मी चार्ट टांगला. हिंदीत बोलायचं म्हणून आधी अडखळले, पण एकदा गाडी सुरू झाल्यावर थांबेना. उंट सांगितला, सिंगापूर सांगितलं, लग्नाचं ऐकून सगळ्या हसल्या. मग म्हटलं, इतके देश वाचून मला एवढंच कळलं की आकडा कुणाचाच बरोबर नाही आणि कुणाचाच चूक नाही. बच्चा क्या देख रहा है, त्याच्याइतकंच बगल में कौन बैठा है हेही महत्त्वाचं. टाळ्या पडल्या. सोनल मॅडमनी मान डोलावली.

तेवढ्यात विमलभाभींनी हात वर केला. "भाभीजी, और जो घर में चल रहा हो, उसका सर्टिफिकेट कौन देगा?"

मी म्हटलं, चांगला प्रश्न, टीव्हीला पिन नंबर टाकून कुलूप लावता येतं. पाच मिनिटं समजावलं. हॉल एकदम शांत होता. मला वाटलं, सगळ्या लक्ष देऊन ऐकताहेत.

घरी येऊन यादी मॅडमना द्यायची म्हणून वही पुढून उघडली. यादीच्या पाठीमागच्या पानावर अपूर्वाच्या अक्षरात, पट्टीनं आखून, एक चार्ट. वर नाव: "आईचे फोन."

हॉलमध्ये, दार उघडं: U. आजी, मामा.
बाल्कनीत, दार बंद: UA 13+. मावशी. कोणाच्यातरी सासूबद्दल.
खाली टाकीपाशी: A. पप्पा.

आणि खाली बारीक अक्षरात: "पृथ्वीला 7+ पुरतं सांगितलं आहे."

मी हाक मारली. दोघं आली. अपूर्वानं वही बघितली आणि तिचा चेहरा उतरला.

"हे काय आहे?"

"चार्ट. मतलब, तुझ्यासारखाच."

"टाकीपाशीचं तुम्हाला कसं कळलं?"

अपूर्वानं बाथरूमच्या दाराकडं बघितलं. मी आत गेले, निळ्या स्टुलावर चढले आणि खिडकीतून खाली वाकले. बरोब्बर खाली टाकी. तीन वर्षं या घरात राहतेय मी. या खिडकीत आजवर फक्त फडकी वाळत घातली.

"आई, स्टूल नसतं तरी ऐकू आलं असतं," ती हळूच म्हणाली. "तुझा आवाज ना... विमलआंटींना पहिल्या दिवसापासून माहीत आहे. सगळ्या ब्लॉकला माहीत आहे."

केर-सांगरीचे डबे, हात दाबणं, स्टूल, गाडीची वेळ, सकाळचा प्रश्न, सगळं एका झटक्यात डोक्यातून गेलं. शंभर बायकांना मी टीव्हीचा पिन नंबर समजावत होते. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. मग आणखी एक शंका आली.

"तू ही वही मागून वाचलीस?"

"नाही गं. मागचं A आहे ना."

पृथ्वी तोवर दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. मी त्याला जवळ ओढलं. "तुला दीदीनं काय सांगितलं रे?"

"पप्पांच्या पायाचं ऑपरेशन झालं. थोडा भाग कापला."

"थोडा म्हणजे किती?"

त्यानं गुडघ्यावर हात आडवा ठेवला. "इथून."

अपूर्वा म्हणाली, "अरे नाही, मी असं कुठं म्हटलं?" पण तिनं काहीच म्हटलं नव्हतं, तेच तर झालं होतं. तिनंही त्याचं वय बघून तेवढंच सांगितलं, जसं मी तिचं बघितलं.

"पण आई, होतं ते," पृथ्वी मला समजावायला लागला. "मी लंगडी घालून करून बघितलं. छत्तीस पायऱ्या आहेत. अठरावर दम लागतो, तिथं थांबायचं. मग वर येता येतं. आपल्याला घर बदलायला नाही लागणार."

मला रडू आलं. पोरांसमोर. पंधरा दिवस ते पोरगं एका पायावर जिना चढत होतं आणि मी त्याला तिसऱ्या मजल्याची झोप मोडतोस म्हणून ओरडत होते. चार्टवर लाकडी पायाला दहा वर्षं लिहीत होते. मी माझ्या मनानं त्यांना बाहेर ठेवलं होतं. ती आतच बसून होती, पहिल्या दिवसापासून, आणि शेजारी कुणी मोठं माणूस नव्हतं.

अपूर्वानं ओढणी दिली डोळे पुसायला. मग म्हणाली, "पप्पांनी फोटो पाठवलाय ना? तू म्हणत होतीस, पॅक संपला."

"हो."

"तू बघितला नाहीस?"

"नाही."

"घाबरलीस?"

"हो," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार. वहीतही हे पहिल्यांदाच लिहितेय.

"मग आम्ही बसतो शेजारी," पृथ्वी म्हणाला.

एक इकडं, एक तिकडं. मी त्या गोलावर बोट ठेवलं. पाय सुजलेला, कडेला जांभळा, टाक्यांची रेघ. वाईट दिसतं, खोटं नाही सांगत. पृथ्वीनं फोटो मोठा केला आणि मोजलं. "तीन आहेत की अजून," म्हणाला. "आणि गुडघा पण आहे." त्याचा जो श्वास सुटला तो मला माझ्या दंडावर जाणवला. मग रडली ती अपूर्वा. महिनाभराचं साठलेलं, हुंदके देऊन. तिच्या पाठीवरून हात फिरवत मी फोन लावला. हॉलमधून, दार सताड उघडं टाकून, व्हिडिओ.

हे पलंगावर बसलेले. तिघांना एकदम बघून गडबडले. "अरे, काय, कसं काय?"

"पप्पा, पाय दाखवा," पृथ्वी म्हणाला. "खरा."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. मग पाय वर घेतला, जरा चेष्टेनं, आणि उरलेली तीन बोटं हलवून दाखवली. अपूर्वा नाक पुसत म्हणाली, "पप्पा, तुम्ही पळू नका. सायकलवर बसा आणि घड्याळ धरा. मी पळते." "धरतो," एवढंच म्हणाले, दोनदा. मी जोरात विचारलं, उद्या गाडी वेळेवर आहे का. तसा खालच्या बाल्कनीतून आवाज आला, "भाभीजी, भाईसाहब को हमारी भी राम-राम सा कहना."

मी वाकून सांगितलं, सांगते म्हणून.

रविवार, १४ जून

हे आले. काठी आहे हातात, कुबडी नाही. विमलभाभींनी तळमजल्यावरच ओवाळलं, ब्लॉक गोळा झाला होता.

जिना चढायला लागलो. पृथ्वी पुढं, मोठ्यानं मोजत. अपूर्वा बॅग घेऊन मागं. हे काठी टेकत, पण बऱ्यापैकी झपाझप, मीच धापा टाकत होते. पहिल्या मजल्याच्या वळणावर, अठराव्या पायरीपाशी, बाथरूममधलं निळं स्टूल ठेवलेलं. पुसून.

"हे कशाला?" ह्यांनी विचारलं.

"इथं दम लागतो," पृथ्वी म्हणाला.

ह्यांना दम लागलेला नव्हता. मी सांगणार होते तसं. पण हे स्टुलाकडं बघत राहिले, मग त्याच्याकडं, आणि काठी भिंतीला लावून बसले. चांगली दोन मिनिटं बसले. पृथ्वी शेजारच्या पायरीवर बसला. अपूर्वानं बॅग खाली ठेवली, मीही टेकले.

"आता होईल," मग तो म्हणाला, आणि आम्ही उठून उरलेल्या अठरा चढलो.